बिऱ्हाड

डंडीच्या हिलटाउनमध्ये, चौथ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला फोन म्हणतो:
नवीन अपडेट आलं आहे. अधिकृत.
अधिकृत म्हणजे
आधी आपण केलेलं सगळं निस्तरून ठेवायचं.

खालच्या मजल्यावरच्या फ्रेझरनं
चिप्सच्या तेलकट पिशवीवर पेन्सिलीनं लिहून दिलंय:
बॅकअप घे.
मुळात होतं तसं कर.
अपडेट बसव, पण रीस्टार्ट दाबू नकोस.
दुसऱ्या स्लॉटमध्ये पुन्हा रूट कर, मग दाब.
'नकोस'खाली दोन रेघा.

लोक रूट करतात
जाहिराती मारायला, बॅटरी पुरवायला,
नाहीतर नुसती कंपनीची जिरवायला.
मी केला एका र साठी.

शालूताई खामगावाहून लिहायची,
'बिऱ्हाड कसं हाय तुहं?'
आणि ह्या फोनवर ते फुटायचं:
र पायाखाली टिंब घेऊन लंगडत उभा,
ह त्याच्यापासून हातभर लांब,
भांडलेल्या जावांसारखे.
तऱ्हा फुटायची. वऱ्हाड फुटायचं.
'पोरी, कोणत्या वाऱ्यावर हायस?'
तो वाराही मोडूनच यायचा.

फ्रेझरला मी टेबलावर, सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून
ती आडवी रेघ काढून दाखवली,
पापणी मिटावी तशी.
तो बराच वेळ बघत राहिला.
'एवढ्यासाठी कुलूप तोडायचं?'
म्हटलं, हो. एवढ्यासाठीच.

मग तोडलं.
सिस्टीमच्या पोटात, जिथं पाहुण्यानं हात घालायचा नसतो,
तिथं माझा फॉन्ट ठेवून आले.
तेव्हापासून बँकेचं ॲप मला दारातच उभं करतं,
आणि फोन चालू होताना दर वेळी
नारिंगी अक्षरं येतात:
ह्या यंत्रावर विश्वास ठेवता येणार नाही.
पाच सेकंद. मी तोवर चहाचं पाणी ठेवते.

दर महिन्याला ये रे माझ्या मागल्या.
अपडेट आत पाऊल टाकण्यापूर्वी घर हुंगतं,
एक वस्तू जरी जागची हललेली दिसली
तरी उंबऱ्यावरून मागं फिरतं.
म्हणून र काढून ठेवायचा,
निरागस चेहरा करायचा,
ते आत आलं, स्थिरस्थावर झालं
की मागच्या दारानं र परत आत.

आज नाइनवेल्सहून आले ती
आठ तास रक्ताच्या नळ्या फिरवून.
खिडकीबाहेर समुद्रावरचं धुकं,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपलेला.
नव्वद टक्के. एक्क्याण्णव.
डोळा लागला असावा.
अंगठ्यानं काय दाबलं ते
पडदा काळा झाल्यावर कळलं.

नारिंगी अक्षरं. पाच सेकंद.
पाणी ठेवायला उठले नाही.
रूट गेलं होतं, फॉन्ट गेला होता,
सगळं मूळ पदावर.
पिशवीवरच्या दोन रेघा माझ्याकडे बघत होत्या.
भीतभीत ताईचा निरोप उघडला,
चार वर्षांपूर्वीचा, सगळ्यात पहिला.

बिऱ्हाड.

धड. पापणीसकट.
ह र ला टेकून.
कुणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात,
यादीत न सांगण्याइतकं किरकोळ समजून,
ते दुरुस्त केलं होतं.
यादीत फक्त होतं: सुरक्षा, आणि इतर सुधारणा.

आनंद झाला. झाला म्हणजे
कुणी आपलं काम न विचारता करून टाकल्यावर होतो तेवढा.
ताईला कळवावं, तर ताईला हे कधी सांगितलंच नव्हतं.
तिच्या फोनवर ते नेहमीच अखंड होतं.

फ्रेझर सकाळी म्हणाला, मग आता कुलूप लावून टाक.
बँक उघडेल. नारिंगी जाईल.
फक्त लावताना आतलं सगळं पुसलं जातं,
हे माहीत आहे ना?

माहीत आहे.
पाणी उकळलंय.
आज नाही, म्हटलं.
बँकेत मी चालत जाते, उतारच आहे.